गेरेऑनची मान

येत्या मंगळवारी मान वळवायची आहे, एवढंच काद्री डॉक्टर बोलली आणि गेरेऑन ओडेन्थाल मनातल्या मनात दिवस मोजायला लागला.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, मग वळव की बाबा, मान तर मान. पण गेरेऑन महिनाभर पलंगावर आडवा होता, आणि पलंगही असा की डोक्याकडची बाजू खाली, पायाकडची वर. उशी नाही. उठायचं नाही, बसायचं नाही, कोपरावर टेकायचंसुद्धा नाही, एक खांदा कायम गादीला चिकटलेला पाहिजे. जेवण आडवं, अंघोळ आडवी, बाकीचंही सगळं आडवंच. अंतराळात माणसाच्या अंगाचं जे होतं ते जमिनीवर करून बघायचं तर हाच एक मार्ग म्हणे. आणि रोज एकदा त्याला पलंगासकट ढकलत खालच्या गोल खोलीत न्यायचे, तिथल्या चक्रीच्या लांब हातावर बांधायचे, डोकं मध्याशी, पाय बाहेर, आणि गरागरा फिरवायचे. वेग चढला की रक्त पायात उतरायचं, तळवे पायाखालच्या पाटावर दाबले जायचे आणि झोपल्या झोपल्या उभं असल्यासारखं वाटायचं. आतापर्यंत तिथे नियम एकच होता, समोरच्या लाल फुलीकडे बघा आणि मान हलवू नका. आणि आता म्हणे फिरता फिरता मान वळवायची, आधी उजवीकडे, मग डावीकडे.

गेरेऑनला धडकी भरली कारण त्याने एक गोष्ट लपवली होती. त्याला चक्कर यायची. इथे यायच्या आधीपासून.

आता हा माणूस धंद्याने कोण, तर छपरं करणारा. कोलोनमध्ये ऱ्हाइनच्या उजव्या काठावर, काल्कमध्ये राहणारा (डाव्या काठाचे लोक आमच्या काठाला अजून उलटा काठ म्हणून चिडवतात, म्हणू देत). काळ्या दगडी पाट्या हातोडीने कापायच्या आणि उतरत्या छपरावर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक ठोकायच्या, हे त्याचं काम. बरोबर मेव्हणा डेट्लेफ, म्हणजे बायकोचा, रामोनाचा, भाऊ. दोघांचीच टोळी. गेरेऑन वर, डेट्लेफ खाली, दोघं एकाच दोरीला बांधलेले. वीस एक वर्षं हे असंच.

मागच्या शरद ऋतूत नीप्पेसमध्ये एका चर्चचं छप्पर चाललं होतं. गेरेऑनने आढ्याजवळ उभं राहून वर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या लोखंडी कोंबड्याकडे बघितलं फक्त, आणि सगळं छप्पर दार उघडावं तसं एका बाजूला फिरलं. त्याने छपरात ठोकलेला दोरीचा आकडा धरला, डोळे मिटले, कपाळ गार पाट्यांना टेकवलं. थोड्या वेळाने छप्पर जागेवर आलं. खाली डेट्लेफ पाट्या रचत शिट्टी वाजवत होता, त्याला पत्ताच नाही. गेरेऑनला वाटलं, सकाळी नीट खाल्लं नाही म्हणून झालं असेल. मग एकदा बुटाची नाडी बांधताना झालं. मग घरी पलंगावर कूस बदलताना. रामोनाने विचारलं तर म्हणाला, बिअर जास्त झाली. तिने बघितलं त्याच्याकडे, कारण त्या दिवशी बिअर झालेलीच नव्हती.

सांगणार कुणाला? छपरावरच्या माणसाला चक्कर येते म्हणजे बेकरीवाल्याला पिठाने शिंका येण्यासारखं, हसावं की रडावं. डॉक्टरकडे गेलो आणि त्याने एकदा लिहिलं की आपली शिडी कायमची खाली, हे गेरेऑनच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि शिडी गेली की त्याच्याकडे उरणार काय? तो काही दुसरं शिकलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला दुसरं काही आवडतही नव्हतं.

मग हिवाळ्यात, थंडीमुळे छपरांची कामं बंद असताना, त्याने ती जाहिरात बघितली. पोर्त्झच्या पुढे जी अंतराळाची संस्था आहे तिला दोन महिने झोपून राहायला ठणठणीत माणसं हवी होती. आधी कान, डोळे, हृदय, मेंदू, सगळं तपासणार. गेरेऑनने मनात गणित मांडलं, नापास केलं तर आजार काय ते तरी कळेल, गुपचूप, कुणाला न कळता. आणि पास केलं तर सुटलो, मला काही झालेलंच नाही. घरी आणि डेट्लेफला मात्र सांगितलं की माणूस मंगळावर चाललाय, आपलाही हातभार. डेट्लेफ म्हणाला, झोपून लावायचा हातभार तूच लावू शकतोस.

तपासणीत एका फिरत्या खुर्चीवर बसवून त्याला विचारलं, मळमळ किती, शून्यापासून वीसपर्यंत आकडा सांगा. खुर्ची थांबली तेव्हा भिंत अजून चालतच होती. गेरेऑनने दात आवळले आणि म्हणाला, शून्य. ते तोंडातून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही, छपरावरची सवय, तिथे कुणी काय विचारलं तरी सगळं ठीकच असतं. तो पास झाला. पत्र आलं तेव्हा रामोना खूश झाली आणि तो संडासात जाऊन बराच वेळ बसला, कारण ते प्रमाणपत्र डॉक्टरांनी दिलेलं नव्हतं, त्यानेच स्वतःला दिलेलं होतं.

आणि मग तो मुस्सचा प्रकार.

आमच्याकडे कुणी कसं काय विचारलं तर लोक म्हणतात, मुस्स. म्हणजे नुसतं 'पाहिजे'. चालायलाच पाहिजे, न चालून सांगतो कुणाला, असं सगळं त्या एका शब्दात येतं. काद्री लेपिक डॉक्टर एस्टोनियाची, जर्मन शिकली पुस्तकातून, फार नीट बोलते, आपल्यालाच लाज वाटेल असं. चक्रीच्या पहिल्या दिवशी तिने काचेमागून माइकवर विचारलं, कसं चाललंय, ओडेन्थाल साहेब? गेरेऑन सवयीने म्हणाला, मुस्स. आता पुस्तकात असं की माणूस नुसतं 'पाहिजे' म्हणाला तर त्याला लघवीला जायचं असतं. तिने चक्री थांबवली आणि वालबुर्गा सिस्टरला बाटली घेऊन आत पिटाळलं. गेरेऑन बांधलेला, समोर बाटली, त्याला कळेना हे काय. वालबुर्गा सिस्टर इथलीच, पक्की कोलोनची, ती भिंतीला टेकून हसली ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तिने काद्रीला समजावलं, बाई गं, हा मुस्स म्हणजे बरं आहे म्हणून समज, इथली माणसं मरतानाही तेच म्हणतात. काद्री लाजली, पण शिकली. तेव्हापासून गेरेऑन मुस्स म्हणाला की तीही माइकवर म्हणायची, मुस्स, मुस्स, आणि वेग वाढवायची. स्वतःवर खूश व्हायची त्या शब्दाने, आवाजातच कळायचं.

दुपारी सगळ्यांचे पलंग मधल्या खोलीत ढकलत आणायचे, तेवढीच सोबत. सगळे छताकडे बघून बोलायचे. गेरेऑनच्या शेजारी माल्टे, आखनला विमानं-यानं शिकणारा मुलगा, बडबड्या. त्याच्या गटाला चक्री नव्हती, नुसतंच झोपायचं होतं, म्हणून तो चिडलेला. त्याला जेव्हा कळलं की मंगळवारपासून मान वळवायची, तो इतका उडाला की खांदा गादीवरून सुटला आणि कॅमेऱ्यातून बघणाऱ्यांचा ओरडा बसला.

"तुला कळतंय का हे किती भारी आहे?" माल्टे छताला म्हणाला. "लांबच्या प्रवासात वजन नसलं की हाडं बिस्किटं होतात. मग काय करायचं, तर यान फिरवायचं. फुटबॉलच्या मैदानाएवढं चाक बांधलं तर सावकाश फिरवलं तरी चालतं, आतल्याला कळणारही नाही. पण एवढं वर नेणार कोण, तुझा डेट्लेफ?"

"तो नेईल, पण वाटेत चार वेळा नाश्ता करेल."

मग माल्टेने दुसरं सांगितलं, दोन डबे घ्यायचे, मध्ये लांबच लांब दोरी बांधायची आणि गोफणीसारखे एकमेकांभोवती फिरवायचे. गेरेऑनने विचारलं, त्या दोरीचा आकडा कशात ठोकलेला असतो आणि तो रोज कोण तपासतो. माल्टेला वाटलं तो गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता, दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत म्हटल्यावर त्याला पहिला तोच प्रश्न सुचला होता.

"आणि तिसरं म्हणजे आपली चक्री," माल्टे म्हणाला. "छोटी, पण वेगात. वेगात फिरताना मान वळवली की कानातलं पाणी पिसाळतं, जग उलटं होतं. आता जर माणसाला त्याची सवय होते असं दिसलं, तर यान छोटं बांधता येईल. म्हणजे बघ, यान केवढं बांधायचं ते तुझ्या मानेवर ठरणार, लेका."

तो हे कौतुकाने बोलला बिचारा. पण गेरेऑनला त्या दिवशी जेवण नको झालं, आणि इथे तर ताटात कण ठेवायची मुभा नाही, वालबुर्गा सिस्टर वाटीतलं दहीसुद्धा चाटायला लावायची. तो चावत राहिला आणि विचार करत राहिला. आपण शून्य म्हणणार. काद्री शून्य लिहिणार. मग कुठेतरी कुणीतरी त्या शून्यावर विसंबून छोटं यान बांधणार, आणि त्यात बसलेली माणसं पृथ्वीपासून इतकी लांब असतील की थांबवा म्हणायलाही कुणी नाही. आणि खरं म्हणजे इतक्या लांब जायची गरजच नव्हती. नीप्पेसच्या छपरावर डेट्लेफ त्याच्या खाली उभा होताच की, त्याच्या शून्यावर विसंबून, शिट्टी वाजवत.

सांगावं असं त्याला पन्नासदा वाटलं. मंगळवारी वालबुर्गा सिस्टर त्याला ढकलत नेत होती तेव्हा तर शब्द अगदी दातांपर्यंत आले.

"सिस्टर, मला जरा..."

"काय रे पोरा?"

"मोजे घट्ट होतायत."

तिने वाकून मोजे सैल केले. बस. एवढंच झालं.

गोल खोलीत त्याला बांधलं, छातीवर तारा चिकटवल्या, डाव्या हातात थांबवायचं बटण दिलं. ते बटण रोज असायचं, त्याने कधी अंगठासुद्धा त्याच्यावर ठेवला नव्हता. चक्री फिरायला लागली. भिंत विरघळली, पाय जड झाले, लाल फुली मात्र जागेवर. काद्रीचा आवाज आला, कसं चाललंय? मुस्स. चला, सावकाश उजवीकडे.

त्याने मान उजवीकडे वळवली. पलंग होडीसारखा कलला, पण सरळ झाला. किती? शून्य, तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. छान, आता डावीकडे.

डावीकडे वळला आणि जग सुटलं. लाल फुली पतंगासारखी वर निघून गेली, पलंग त्याच्या डोक्यावरून उलटला, तो पाठीवर बांधलेला असतानाच डोक्यावर पडत होता, पडतच होता, आढ्यावरून, पाट्यांवरून घसरत, आणि खाली डेट्लेफ. खरंच दिसला त्याला डेट्लेफ, वर बघणारा. त्याला ओरडायचं होतं, मला बाहेर यायला पाहिजे. पण आमच्या भाषेत त्या वाक्यात आधी येतं ते 'पाहिजे', आणि त्याच्या जिभेला तेवढंच जमलं.

"मुस्स..."

"मुस्स, मुस्स," काद्री आनंदाने म्हणाली. "फार छान. आता पुन्हा उजवीकडे."

आणि काय सांगू, त्याने वळवली. सांगितलं म्हणून वळवली. तोंडात आंबट पाणी आलं, तो परत म्हणाला, मुस्स, मुस्स, आणि स्पीकरमधून परत तोच कौतुकाचा आवाज. तेव्हा गेरेऑनला कळलं की ती कधीच थांबवणार नाही. का थांबवेल? त्याने स्वतःच तिला शिकवलंय की या माणसाला काही होत नसतं. अंगठा बटणाकडे गेला. दाबलं तर सगळं उघडं, खुर्चीवरचं शून्य, बिअर, कोंबडा, सगळं. शिडीही गेली. नाही दाबलं तर तो अजून एकदा डावीकडे वळणार आणि शून्य म्हणणार, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याला चक्करेपेक्षा स्वतःचीच भीती जास्त वाटली.

त्याने बटण दाबलं.

चक्री थांबताना आणखी वाईट असतं. वालबुर्गा सिस्टर पिशवी घेऊन धावली पण उशीर झाला, तिच्या पांढऱ्या बुटांवर सगळं गेलं. ती त्याचं कपाळ धरून उभी राहिली. काद्री आत आली ती पांढरीफटक.

"तुम्ही मुस्स म्हणालात," ती म्हणाली. "मुस्स म्हणजे बरं आहे ना? मला तसंच सांगितलं."

"तुमचं बरोबर आहे डॉक्टर. मीच खोटं बोलतोय." त्याने डोळे मिटूनच सांगितलं, उघडले तर खोली फिरत होती. "मला चक्कर येते. इथली नाही, आधीची. छपरावर असल्यापासून. खुर्चीवरचं ते शून्य खोटं होतं. मघाचंही खोटं."

 मग काद्रीने विचारलं, "छपरावर तुमच्याबरोबर कोण असतं?"

"मेव्हणा. माझ्या खाली. एकाच दोरीवर."

"मग हे आधी त्याला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मी नंतर."

कानाचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. त्याने गेरेऑनचं डोकं पलंगाच्या कडेवरून खाली सोडलं, डोळ्यांत बघत राहिला आणि म्हणाला, कानात बारीक खडे असतात, सगळ्यांच्याच असतात, तुमचे जागा सोडून भटकायला लागलेत. मग मान इकडे, मग तिकडे, मग कुशीवर, मग महिन्याभरात पहिल्यांदाच बसतं केलं, गोळी नाही की सुई नाही, आणि भिंत थांबली. गेरेऑनला रडूच आलं, इतक्या साध्या गोष्टीसाठी आपण इतके महिने मेलो म्हणून. पण डॉक्टरने लगेच सांगितलं की खडे परत सुटू शकतात, उद्या सुटतील, दहा वर्षांनी सुटतील, कदाचित कधीच नाही, याची हमी कुणी देत नाही. कामावर आम्ही काही कळवणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा. म्हणजे शिडी कुणी काढून घेतलीच नाही. आता ती त्याच्याच हातात होती, आणि हे जास्त अवघड होतं.

प्रयोगातून त्याला काढलं. त्याची महिनाभराची मोजमापं सगळी बाद. काद्री रागावली नाही. जाताना म्हणाली, तुम्ही बटण दाबलंत ते बरं केलंत, आणि त्याला वाटलं यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर. माल्टेने छताकडे बघूनच हात हलवला आणि म्हणाला, यान थोडं मोठं बांधू मग.

पायांना परत चालायला शिकवून त्याला घरी सोडलं तेव्हा डेट्लेफ गाडी घेऊन न्यायला आला, वर शिड्या बांधलेली कामाची गाडी, कारण हवा उघडली होती आणि पलीकडच्या काठावर एहरेनफेल्डमध्ये काम सुरू झालं होतं, आधी तिकडे जायचं होतं. आल्या आल्या म्हणाला, काय रे, मंगळावरनं काही आणलंस की नाही. गेरेऑन हसला नाही. नदीच्या पुलाच्या अलीकडे त्याने सांगायला सुरुवात केली, पुलावर तो सांगत होता, पलीकडे पोचले तेव्हा सांगून झालं. डेट्लेफने गाडी एका पेट्रोल पंपावर घातली आणि इंजिन बंद केलं.

"नीप्पेसला मी तुझ्या खाली होतो."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

डेट्लेफ उतरला. गाडीभोवती एक चक्कर मारली, शिड्यांच्या दोऱ्या ओढून बघितल्या, ज्या घट्टच होत्या, मग पंपाच्या दुकानात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. गेरेऑनला वाटलं हा आता येणारच नाही, इथूनच ट्रामने जाईल. तो बसून राहिला.  शेवटी डेट्लेफ आला, दोन कॉफ्या घेऊन, एक त्याच्या हातात दिली ती जवळजवळ आपटूनच.

"रामोनाला तू सांगणार की मी?"

"मी. आज."

"मी आज तुझ्याशी बोलणार नाहीये," डेट्लेफ म्हणाला आणि लगेच बोलायला लागला. "चक्कर येते तर येते रे गाढवा, माणूस आहेस. पण मी खाली होतो. माझी पोरं आहेत. तू मला एक शब्द, एक शब्द..." तो कॉफी प्यायला लागला, गरम असूनही.

मग त्याने ठरवलं, म्हणजे दोघांनीही, पण बोलला डेट्लेफ. हा उन्हाळा गेरेऑन खाली. पाट्या कापायच्या, वर पाठवायच्या, शिडी धरायची. वर माझ्याबरोबर येईल पीटरमान, निवृत्त झालेला जुना छपरंवाला, त्याला विचारू. शरद ऋतू आला की बघू, आणि तेव्हाही रोज सकाळी मी विचारणार आणि तू खरं सांगणार, आणि ज्या दिवशी नाही म्हणशील त्या दिवशी नाही, त्यात लाजायचं नाही. गेरेऑन प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, आणि मान हलवताना पेट्रोल पंप जागेवर राहतोय का तेही बघत होता. राहत होता. पण तो बघायचं थांबला नाही, आणि कधी थांबेल असं त्याला वाटतही नव्हतं.

ते एहरेनफेल्डला पोचले. तीन मजली घर, पुढची उतरण सगळी उघडी. डेट्लेफने शिडी लावली, पट्टा चढवला आणि एकदाही मागे न बघता चढायला लागला. गेरेऑनने शिडीचे दोन्ही पाय धरले. इतकी वर्षं तो वर असायचा, त्यामुळे वर चढणाऱ्या माणसाच्या बुटांचे तळवे त्याने कधी बघितलेच नव्हते, ते किती लहान दिसतात आणि दर पायरीला किती थोडे टेकतात. त्याचे पाय अजून कच्चे होते, हात मात्र असे आवळले गेले की शिडीच कुरकुरायला लागली.

"अरे सैल धर जरा," वरून आवाज आला. "शिडी आहे ती. मी हलतोय तुझ्या धरण्याने."

गेरेऑनने हात थोडे सैल केले, पण थोडेच, आणि वर बघत राहिला.